पानाची पाठ

मक्याच्या कणसाच्या वाळक्या पानांची जुडी एवारिस्तोनं नाकाशी नेली, कुबट वास येतोय का ते बघायला, आणि जुडीच्या वरून त्याची नजर शेजारच्या पथारीवर गेली. तिथं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये ओतिलियाचं झाड मांडून ठेवलं होतं. एक नव्हे, रांगच्या रांग. तोच राखेत जांभूळ चुरडल्यासारखा रंग, कडेला तीच गुलाबी झाक, उमललेल्या फुलासारखी एकात एक बसलेली तीच जाड पानं, आणि पानांवर तीच पिठूळ पूड. ओतिलिया गेल्यापासून रोज सकाळी गच्चीवर जाऊन तो ज्या झाडाशी नमस्कार-चमत्कार करायचा, जे त्याच्या बायकोनं स्वतःच्या हातानं जन्माला घातलं होतं आणि साऱ्या जगात जे एकच होतं, ते इथं बुधवारच्या बाजारात, बटाटे आणि पायमोजे यांच्या मधे, ढिगानं बसलं होतं. जुडी नाकाशी तशीच राहिली. रस्त्यात आपल्या मेलेल्या माणसासारखं कुणी दिसलं की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तेव्हा माणूस वळतं, चेहरा वेगळा निघतो आणि आपण सुटतो. इथं वळायला काही नव्हतं.

"घेणार का नुसताच वास, गोरेराव?" कणसाची पानं विकणारा ओरडला. बाजारात सगळीच गिऱ्हाइकं गोरी असतात. एवारिस्तो भाजलेल्या मिरचीच्या रंगाचा होता. त्यानं पैसे दिले, किती परत आले ते न बघताच खिशात घातले आणि पलीकडच्या पथारीसमोर उकिडवा बसला. आपोआप त्याचा हात पुढे गेला.

"हात नका लावू," टोपी घातलेली बाई म्हणाली. "पूड पुसली की परत येत नाही."

हे वाक्य ओतिलियाचं होतं. शब्द न शब्द तिचा. परक्या तोंडातून ते ऐकताना त्याला उगाच राग आला. "हे कुठून आणलं?" त्यानं विचारलं.

"सोचिमिल्कोहून. आणखी कुठून, चंद्रावरून?"

"कुणी दिलं तुम्हाला?"

"देतंय कोण फुकट? घेते आणि विकते. पेर्ला आहे ही, नूरेंबर्गचा मोती. सगळ्या शहरात हीच तर आहे. तुम्ही राहता कुठं, विहिरीत?"

तो विहिरीत राहत नव्हता, पोर्तालेस भागात तिसऱ्या मजल्यावर राहत होता. पण ओतिलियामागं झाडांच्या पथारीकडे त्यानं बघणंच सोडलं होतं, हेही खरं. पेर्ला हे नाव त्याला माहीत होतं. कुणी गच्चीवर येऊन "हे काय, पेर्लाच दिसतेय" असं म्हटलं की ओतिलियाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग ती त्या माणसाला खाली बसवून शिकवणीच घ्यायची. एचेवेरियाच्या, म्हणजे या जाड पानांच्या झाडांच्या, कुळात सगळीच एकमेकांची तोंडं घेऊन जन्माला येतात, ती म्हणायची, म्हणून रंगावर जाऊ नये. रंग खोटारडा. थंडी पडली, पाणी तोडलं की कुठलंही गुलाबी होतं; पावसात आणि सावलीत तेच हिरवं ढिम्म. पान उलटून बघावं. एवारिस्तो हे ऐकायचा, म्हणजे शेजारी बसून संत्रं सोलायचा. त्यानं आयुष्यभर विजेच्या तारेवरची ट्रॉलीबस चालवली होती, त्याला रस्ते ओळखता येत. झाडं ओळखायचं काम बायकोचं होतं, तसं मुलीशी बोलायचं कामही बायकोचं होतं. आता तो उकिडवा बसून त्या रांगेकडे बघत होता आणि त्याला एवढं मात्र स्वच्छ दिसत होतं की गच्चीवर आहे तेच हे. पेर्लाच्या नावाखाली कुणीतरी ओतिलियाचं झाड विकत होतं. त्याअर्थी ते तिनं कुणाला तरी दिलं होतं. त्यानं एक पिशवी विकत घेतली, कणसाच्या पानांच्या जुडीवर ठेवली आणि चोरीचा माल न्यावा तसा घराकडे निघाला.

कणसाची पानं तामालसाठी होती, म्हणजे मक्याचं पीठ त्यांत गुंडाळून वाफवायला. जानेवारीच्या सुरुवातीला, तीन राजांच्या सणाला शेजारच्या चोनानं सणाचा गोड पाव कापला तेव्हा पावात लपवलेलं इवलं प्लास्टिकचं बाळ एवारिस्तोच्या तुकड्यात निघालं, आणि ज्याच्या वाट्याला बाळ, त्यानं फेब्रुवारीच्या दोन तारखेला साऱ्यांना तामाल खाऊ घालायचे, यातून कुणाची सुटका नसते. त्याला तर अंडंही धड उकडता येत नसे. "बाळ तुमच्या वाट्याला आणि कष्ट माझ्या," चोना म्हणाली होती. चोना आरासेलीची, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीची, धर्ममाता. त्यामुळे तिला तो कोमाद्रे म्हणे आणि त्याला ती कोंपाद्रे, आणि एकाच मजल्यावर राहून या दोन शब्दांपलीकडे ती दोघं क्वचितच जात. त्याच दोन तारखेला आरासेली पार उत्तरेच्या सीमेवरच्या तिहुआनाहून येणार होती. आईचं झाड न्यायला. झाड नव्हे, त्याचं पिल्लू. आईच्या झाडाला पिल्लं फुटली होती, आणि हीच एवारिस्तोच्या या सगळ्या काळातली एकमेव बातमी होती.

गच्चीवर त्यानं दोन्ही झाडं पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शेजारी शेजारी ठेवल्या. जानेवारीचं ऊन कोरडं आणि धारदार होतं. खालून कुणाच्या तरी रेडिओतून जाहिराती येत होत्या, दोरीवर चोनाच्या चादरी फडफडत होत्या. तो खुर्ची ओढून समोर बसला. डावीकडचं, उजवीकडचं. उजवीकडचं, डावीकडचं. डोळे मिटून झाडांची अदलाबदल केली असती तर त्याला काहीही कळलं नसतं, एवढाच काय तो फरक की एक मातीच्या कुंडीत होतं, ओतिलियाच्या लाल सच्छिद्र खड्यांमध्ये, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत. मग कुणाला दिलंस? त्यानं विचारलं. मेलेल्या माणसाशी भांडताना एक फार वाईट गोष्ट होते, दोन्ही बाजू आपल्यालाच बोलाव्या लागतात. मी कुणाला देईन? देशील ना, लेओबार्दोला देशील. लेओबार्दोची सोचिमिल्कोला रोपवाटिका होती, दर महिन्याला ओतिलिया तिथं जायची, येताना तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास असायचा आणि ती खुशीत असायची. त्या दोघांना तासन्‌तास एका पानाबद्दल बोलता यायचं. एवारिस्तो एकदा सोबत गेला होता. ती दोघं एका तुऱ्यावर वाकून उभी होती, डोकी जवळजवळ टेकली होती, आणि दोघं एकदमच हसली. कशाला, ते त्याला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. तेव्हा काही वाटलं नव्हतं असं त्याला आजवर वाटत होतं.

हे झाड तिनं कसं केलं ते मात्र त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कोंचिता म्हणतात त्या डोंगरातल्या साध्या झाडाच्या फुलातलं पिवळं केसर तिनं एवारिस्तोच्याच दाढीच्या ब्रशच्या एका केसानं उचललं आणि दुसऱ्या, रुंद पानांच्या झाडाच्या फुलात टेकवलं. मग बिया आल्या, बिया कसल्या, तपकिरीची चिमूट. त्यातून हिरवी बुरशी यावी तशी रोपं आली आणि एकेक करून मेली. उरलं ते हे. मोत्याचे आईबाप आणि याचे आईबाप एकाच कुळातले, म्हणून तोंडवळा तसा, ती सांगायची. पण भावंडं म्हणजे एक नव्हेत, एवारिस्तो. नाव तिनं कधी ठेवलं नाही. "नाव दिलं की लोक मागायला येतात," ती म्हणाली. शेवटच्या आजारात तिला गच्चीवर खुर्चीतून आणलं होतं तेव्हा हात थरथरल्यामुळे तिचा अंगठा एका पानावर टेकला आणि पुडीत अंगठ्याचा ठसा उमटला. हयातभर नखानं, नुसत्या नखाच्या टोकानं पान उचलणारी बाई. ती स्वतःवरच चिडली. ती गेल्यावर एवारिस्तो रोज तो ठसा बघायचा. आतून नवी पानं येत, ठशाचं पान एकेक फेर बाहेर सरकत जाई. त्यानंतर तो झाडाला बोटही लावत नसे. पाणी घालायचं तेसुद्धा चमच्यानं, मातीला, कडेकडेनं. पान उलटून बघायचा प्रश्नच नव्हता. तिच्या अंगावरची पूड आपल्या हातानं पुसायची?

आता त्याला वाटलं, लेओबार्दोनं ते हजार वेळा उलटून पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही झाडं एका खोक्यात घातली आणि सोचिमिल्कोची गाडी धरली. एका बाईनं खोक्यात डोकावून "किती गोड, जुळी!" असं म्हटलं तेव्हा त्यानं खोका मांडीवर उलटीकडे वळवला. काय बोलायचं ते त्यानं घोकलं होतं. तू घेतलंस ते घेतलंस, पण विकलंस कशाला. त्यातलं पहिलं अर्धं बोलताना आवाज कसा लागेल याची त्याला खात्री नव्हती. कालव्याच्या कडेला सावलीच्या जाळीखाली लेओबार्दो बादलीत हात धूत होता. म्हातारा झाला होता, एक दात गेला होता.

"अरे! ड्रायव्हरसाहेब!" तो म्हणाला. "वाट चुकलात की तार तुटली?"

एवारिस्तोनं खोका बाकावर ठेवला. घोकलेलं काहीच आठवेना. "तिनं तुम्हाला दिलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"हे. ओतिलियानं."

लेओबार्दोनं खोक्यात पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग हसला. "मला? मला तिनं काय दिलं, माहितीय? शिव्या. एक पान मागितलं होतं हो मी, एक पान. म्हणाली, लेओबार्दो, तू त्याची हजार करशील आणि मग त्यातलं माझं कुठलं ते मलाच ओळखू येणार नाही. शेवटपर्यंत दिलं नाही बाईनं. आणि या दोन पेर्ला घेऊन कुठं हिंडताय?"

"एक पेर्ला आहे. एक तिचं आहे."

"दोन्ही पेर्ला."

"मातीच्या कुंडीतलं तिचं आहे."

लेओबार्दोनं पँटला हात पुसले. त्यानं करंगळीचं नख मातीच्या कुंडीतल्या झाडाच्या खालच्या पानाखाली सरकवलं आणि पान अलगद उचललं. तसंच, अगदी तसंच. एवारिस्तोला नजर फिरवावीशी वाटली. "हा कणा बघा," लेओबार्दो म्हणाला. "पाठीवरून मधोमध गेलाय, होडीच्या बुडासारखा. आता हे दुसरं बघा. हाच कणा. ओतिलियाबाईच्या झाडाची पाठ साफ गुळगुळीत होती, चमचा पालथा घातल्यासारखी. त्यावरच तर आमची भांडणं व्हायची. आणि हे खाली काय? पिल्लं आलीत. तिच्याला पिल्लं कधी येतच नव्हती, माझ्यासारखंच हट्टी आहे म्हणायची, एकावर थांबलंय." तो बोलण्याच्या भरात होता, आणि मग त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसला. त्यानं हळूच पान खाली सोडलं. "झालं काय, ड्रायव्हरसाहेब? जुनं मेलं का?"

वळणावर ट्रॉलीबसचा दांडा तारेवरून निसटला की बस जागच्या जागी मुकी व्हायची. दिवे जात, मोटरचा आवाज जाई, आणि त्या शांततेत सगळे उतारू ड्रायव्हरकडे बघत. एवारिस्तो तेव्हा निमूट खाली उतरायचा आणि दोरी ओढून दांडा पुन्हा तारेला लावायचा. इथं कुठली दोरी ओढायची ते त्याला समजेना. "कॉफी घेता का?" लेओबार्दोनं विचारलं. तो नको म्हणाला, खोका उचलला आणि चालू लागला. रडू येईल अशी भीती होती, तसं काही झालं नाही. उलट लेओबार्दोवरचा इतक्या वर्षांचा, स्वतःलाही न सांगितलेला संशय निघून गेला होता आणि त्याची जागा मोकळी पडली होती, एवढंच. निदान तो संशय तरी खऱ्या ओतिलियाशी बांधलेला होता.

परतीच्या गाडीत तो मागं मागं गेला. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात त्याचं पित्ताशय काढलं. आत पू झाला होता, हॉस्पिटलात बरेच दिवस पडून राहावं लागलं, आणि गच्चीची किल्ली चोनाकडे होती. घरी आला त्या दिवशी तो जिना चढून आधी वरच गेला होता, चोना कोपराला धरून मागं. "बघा, तुमची ओतिलिया कशी टवटवीत आहे," ती म्हणाली होती. टवटवीत होतीच. थोडी लहान, थोडी गुलाबी. ठशाचं पान दिसेना. गळालं असेल, खालची पानं गळतातच. लाल खडे धुतल्यासारखे स्वच्छ होते, ते पावसानं. सगळं त्यानं पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला त्यानं स्वतःच उत्तर देऊन टाकलं होतं. झाड तरुण झाल्यासारखं वाटलं होतं, लग्नाआधीच्या ओतिलियासारखं, आणि तो तिथं उभा राहून चक्क रडला होता. तेव्हापासून रोज सकाळी त्यानं त्या झाडाला काय काय सांगितलं नव्हतं! टाके कसे ओढतात. पेन्शनच्या खिडकीवरची पोरगी कशी उर्मट आहे. रात्री बिछान्याच्या तिच्या बाजूला अजून सरकवत नाही. इतकी वर्षं एका घरात राहून जे ओतिलियाला सांगितलं नव्हतं, ते सगळं त्यानं बाजारातून आणलेल्या एका परक्या झाडाला सांगितलं होतं. कुणी ऐकत नव्हतं, हे तर तो धरूनच चालला होता. पण निदान ती ऐकत नव्हती असं त्याला वाटत होतं. आता तर न ऐकणारंही दुसरंच निघालं.

आणि पिल्लं. दिवाळखोराला घबाड मिळावं तसा आनंद झाला होता त्याला पिल्लं पाहून. त्यानं त्याच दुपारी तिहुआनाला फोन लावला होता. एरवी आरासेलीचा फोन आला की तो तिथली हवा विचारायचा, ती इथली सांगा म्हणायची, आणि मग दोघं गप्प. पूर्वी तो "थांब हं, आईला देतो" म्हणून सुटायचा. त्या दिवशी मात्र तो भडाभडा बोलला. आईच्या झाडाला पिल्लं झाली! दोन! ये, एक घेऊन जा, ये तू. पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिला भरून आलं असावं. मग ती म्हणाली, "येते, पापा."

आता ती येणार, आणि तिला द्यायला घरात आईचं काही उरलेलं नव्हतं. या विचारापाशी गाडी येऊन थांबली आणि त्याला उतरावं लागलं.

एक तारखेच्या दुपारी चोना आपल्या स्वयंपाकघरात तामालचं पीठ फेटत होती, दंडापर्यंत पांढरी झालेली. खिडकीखालच्या टेबलावर अजून गव्हाण मांडलेली होती; नाताळापासून मेंढरं, राजे आणि शेवाळ तसंच होतं, उद्या येशूबाळाला उचलायचं होतं. एवारिस्तोनं कुंडी बाळाच्या पायाशी ठेवली, दर वर्षी ठेवायचा तिथंच.

चोनानं एकदा कुंडीकडे पाहिलं. मग पिठाचा एक गोळा पाण्याच्या पेल्यात टाकला. गोळा बुडाला. "अजून हलकं नाही झालं," ती म्हणाली आणि पुन्हा फेटायला लागली.

"मी लेओबार्दोकडे जाऊन आलो, कोमाद्रे."

तिचा हात थांबला. आता ती कानावर हात ठेवेल असं त्याला वाटलं, आणि मनातून तेच हवं होतं. पण ती खुर्चीवर बसली, पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून. "पाऊस थांबेना," ती म्हणाली. "मी ताडपत्री बांधली होती, वाऱ्यानं नेली. सकाळी बघते तर मधोमध काळं. बोट लावलं तर शिजलेल्या भाजीसारखं हातात आलं. तुमच्या नाकात नळ्या, कोंपाद्रे. ओतिलिया कोमाद्रे गेली, आता तिचं झाडही गेलं, हे मी तुम्हाला नळ्यांतून सांगणार होते? मग बाजार पालथा घातला. पेर्ला दिसली, वाटलं देवाच्या आईनंच पाठवली. खडे एकेक धुऊन परत लावले."

"आणि घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर तुम्ही तिच्यासमोर उभं राहून रडलात. आनंदानं. मग कुठल्या तोंडानं सांगू? दर नाताळात तुम्ही ती इथं आणून ठेवायचात आणि मला या बाळाच्या डोळ्याला डोळा देववायचा नाही. मेणाचं आहे म्हणून काय झालं."

एवारिस्तोला तिच्यावर संतापावंसं वाटत होतं. संताप आला असता तर बरं झालं असतं; जिन्यात दोनचार दिवस तोंड फिरवून जाता आलं असतं. पण तिच्या दंडावरचं पीठ वाळून भेगाळत होतं आणि ती म्हातारी दिसत होती. "मला कळलं असतं," तो म्हणाला. "आज ना उद्या, माझं मलाच."

"हो," चोना लगेच म्हणाली. "कळलंच असतं." आणि ती ज्या मऊपणानं हे बोलली त्यावरून त्याला समजलं की तिचा यावर काडीचाही विश्वास नव्हता.

ती उठली आणि भांडी घासायच्या ओट्यामागच्या खिडकीतून सार्डिनचा एक गंजका डबा घेऊन आली. डब्यात मातीचा थर होता आणि त्यात उजेडासाठी माना ताणलेली, फिकट हिरवी, बोटाच्या पेराएवढी काही रोपं. "सडलेल्यातली एकदोन पानं टणक होती," ती म्हणाली. "मातीवर टाकून ठेवली. त्यांना मुळं फुटली."

एवारिस्तोनं डबा दोन्ही हातांनी घेतला. "हे तिचं आहे?"

"यातलं एखादं." चोना त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पेर्ला कुंडीत बसवताना तिचीही पानं मोडली. टाकवेनात. तीही यातच खोचली. तेव्हा वाटलं, पुढं कळेलच."

गव्हाणीपाशी ठेवलेली कुंडी उचलून तीही त्यानं डब्यासोबत वर नेली. पेर्लाचा कणा मोठेपणी येतो, लहानपणी सगळ्यांची पाठ गोलच, एवढं त्याला ओतिलियाच्या शिकवण्यांतून, संत्र्याच्या सालींसोबत, आठवत होतं. तरी उन्हात डबा धरून त्यानं जन्मात पहिल्यांदा नखानं पान उचललं. नख जाड होतं. पानाला पूड नव्हती, पाठ गोल होती. पुढचं उचललं, तीही गोल. त्यानं डबा टाकीच्या भिंतीवर, कुंडीच्या मागं ठेवला आणि आरासेलीला काय सांगायचं ते ठरवलं. वाक्य छोटं होतं. आईचं झाड मेलं, हे दुसरं आहे. बस.

आरासेली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती बारीक झाली होती, केसांत पांढरं होतं, आणि खाली चोनाच्या घरी सारी माणसं जमली असताना ती आधी गच्चीवर चला म्हणाली. जिन्यात एवारिस्तो वाक्य घोकत होता. वर आल्यावर ती टाकीपाशी गेली, वाकली, आणि करंगळीचं नख खालच्या पानाखाली घालून ते उचललं. पूड जराही हलली नाही. हे तिला कधी शिकवलं? तो कामावर असताना, अर्थात. सगळं तो कामावर असतानाच झालं होतं. तिनं वाकून पानाची पाठ पाहिली. बराच वेळ पाहिली. एवारिस्तोला मागून तिच्या मानेचं हाड दिसत होतं. मग तिनं पान हलकेच खाली सोडलं आणि ती हसऱ्या चेहऱ्यानं वळली.

"आईचंच आहे," ती म्हणाली. "किती छान जपलंत, पापा."

त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. म्हणजे हिनंही. चोनानं खडे धुतले, हिनं चेहरा हसरा केला. सगळ्यांनी मिळून त्याला दुलईत गुंडाळून ठेवलं होतं, आजारी माणसाला ठेवतात तसं. ओतिलिया असती तर पोट धरधरून हसली असती. आंधळ्या, इतके दिवस परकीला नमस्कार करतोयस! त्याला हसणारं माणूस गेलं होतं, आणि ते जाण्याचं दुःख इतकं साधं आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"कणा दिसला ना?" तो म्हणाला.

आरासेलीचं हसू जागच्या जागी थिजलं. "दिसला," ती म्हणाली.

"मग?"

दोरीवरची चादर तिच्या खांद्याला लागत होती, ती तिनं बाजूला केली. "मला फोनवरच कळलं होतं, पापा. पिल्लं झाली म्हणालात तेव्हाच. आईच्या झाडाला पिल्लं होत नव्हती."

"मग एवढ्या लांब आलीस कशाला?"

"तुम्ही ये म्हणालात," आरासेली म्हणाली. "आजवर कधी म्हणाला नव्हतात."

खालून चोनाची हाक आली, तामाल गार होताहेत, बाळ मिळालेल्या माणसानं आधी वाढायला यावं. एवारिस्तोनं आधी कुंडीमागून सार्डिनचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. त्यातलं एखादं आईचं आहे, कुठलं ते माहीत नाही, मोठी होऊन पाठ दिसेतो कळायचं नाही, असं त्यानं तिला सांगितलं. तिनं डबा उन्हाकडे वळवला, एकेका रोपाकडे बघितलं.

"किती दिवस लागतील?" तिनं विचारलं.

"दिवस? वर्षं लागतील." त्यानं चादरीचा एक चिमटा उगाच काढला आणि पुन्हा लावला. "ही इथंच राहू देत," तो शेवटी म्हणाला. "पण मला एकट्याला नाही ओळखता यायचं."